बावीस कोयते

कानशीच्या आवाजानं जाग यायची. बाहेर अजून उजाडलेलं नसायचं आणि अकरा कोप्यांपुढं माणसं उकिडवी बसून आपापल्या कोयत्याला धार लावत असायची. एकाची कानस थांबली की दुसऱ्याची सुरू व्हायची. मी गोधडीत पडून तो आवाज ऐकायची आणि उठायची नाही, कारण मला उठायचं कारण नव्हतं. मी सुट्टीवर आलेली होते. गंगापूरच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून आत, ऊस तोडून झालेल्या फडात आमच्या टोळीचा मुक्काम होता. बांबूच्या कामट्या वाकवायच्या, वर उसाचं वाळलं पाचट आणि प्लास्टिकचा कागद टाकायचा, झाली कोपी. आत वाकूनच शिरावं लागे. दारातून शिरलं की डाव्या हाताला चूल, उजव्या हाताला पाण्याचं पिंप, मागं भांड्यांचं गाठोडं आणि माझी पुस्तकांची पिशवी. आई बाजरीच्या भाकरी थापायची. बांधावरचा हरभरा कोवळा होता, त्याची पानं खुडून सारिका भाजी करायची. गुऱ्हाळावाल्यानं कधी चरवीभर रस दिला तर त्यात तांदूळ शिजायचे, आणि त्या गोड वाफेत पाचटाचा कुबट वास मिसळायचा. तो वास माझ्या हॉस्टेलच्या खोलीत मला अजूनही मधूनच येतो. कुठून येतो ते कळत नाही.

सारिका म्हणजे माझी वहिनी, दादाची बायको. वयानं माझ्याएवढी, दोन महिन्यांनी लहानच. सातवी झाल्यावर तिची शाळा सुटली होती. वडील गेल्यापासून आई आणि दादा दोघं मिळून एक कोयता धरायचे, कारण टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. खरं तर आईच्या जोडीला मी उभी राहायला हवी होते. कन्नडजवळच्या आमच्या गावात माझ्या वयाच्या सगळ्या पोरी फडात गेल्या. मला आईनं मावशीकडं ठेवून शिकवलं, पुढं शहरात कॉलेजला घातलं. मग दादाचं लग्न झालं, सारिका आली आणि घराचा कोयता पुरा झाला. अर्धी राहिली ती आई. मी वर्षात दोनदा यायची, पाहुणीसारखी. पहिल्यांदा आले तेव्हाच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तव्यावरची पहिली भाकर, जी लहानपणापासून माझी असायची, ती आई सारिकाच्या ताटात टाकते. "ती राबून आली हाय," आई म्हणाली. मी काही बोलले नव्हते, तरी म्हणाली.

हे लिहिताना मला संकोच वाटतो. लोक आपलं बालपण आणि तरुणपण म्हातारपणी लिहितात, तेव्हा बरंच काही निवून गेलेलं असतं. माझं एम.ए.सुद्धा अजून पूर्ण झालेलं नाही. पण हे एक प्रकरण लवकर लिहून ठेवावं असं वाटलं. उशीर केला तर मी त्यात स्वतःला थोडी थोडी सुधारत जाईन, अशी भीती आहे.

सारिका बोलायची फार. उसाच्या ओळीत शिरली की तोंड सुरू. "वन्सं, पुस्तकातलं समदं डोक्यात ग्येलं का, का आजून दोन पायल्या बाकी हाय?" असं विचारायची आणि सगळा फड हसायचा. मीही हसायची. तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता आणि मला त्याचाच त्रास व्हायचा. कुजकी असती तर मी आईला सांगू शकले असते. दादा तिच्याकडं बघून बोलायचा आणि माझ्याकडं बघून विचार करून बोलायचा. टोळीतल्या बाया तिला सांगायच्या की कुणाची पाळी चुकली, कुणाच्या नवऱ्यानं मारलं. मी जवळ गेले की म्हणायच्या, "या मॅडम, बसा," आणि विषय बदलायच्या.

त्या वेळी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि परीक्षेआधीच्या वाचायच्या सुट्टीत आले होते. इतिहासाच्या पेपरला दूरच्या समुद्रातल्या साखरेच्या बेटांवरचा एक धडा होता. जहाजात कोंबून आणलेली माणसं, त्यांच्याकडून उसाचे मळे करून घेणारे मालक, आणि त्या गुलामांनी केलेलं बंड. सरांनी नोट्स दिल्या होत्या. कारणे, स्वरूप, परिणाम. ते वाचताना त्या माणसांच्या हातातलं हत्यार ऊस तोडायचं होतं, हे कळलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. एवढ्या लांबच्या माणसांचा आपल्या घराशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं, हे आपण टोळीला सांगायला पाहिजे. आपण शिकतो ते कशासाठी?

दुपारच्या भाकरीला सगळे फडात सावली धरून बसले तेव्हा मी सांगायला लागले. पण मला सांगता येईना. मी नोट्ससारखंच बोलत होते. "बंडाची पहिली कारणं आर्थिक होती," असं काहीतरी. शेजारच्या कोपीतल्या लक्ष्मणकाकानं टॉवेल तोंडावर ओढला. गयाकाकू, म्हणजे त्याची बायको, पायातला काटा काढत बसली. सारिका तेवढी माझ्याकडं बघत होती.

"वन्सं, त्यांच्यात बाया व्हत्या का?"

"असतील की."

"अन् लेकरं कुटं ठिवायच्या तोडताना?"

"ते नाही दिलेलं."

"पातीनं त्यांचे बी हात कापायचे का आपल्यावाणी?"

मला माहीत नव्हतं. नोट्समध्ये नव्हतं. मी जरा रागानंच म्हणाले, "वयनी, महत्त्वाचं ते नाही." ती म्हणाली, "बरं बाई," आणि मोळी बांधायला उठली.

दोन दिवसांनी मी पाण्याच्या मोटारीवर कपडे धुवायला गेले तर तिथं सारिका तीच गोष्ट सांगत होती. माझीच, पण ओळखू येत नव्हती. तिच्या गोष्टीत एक बाळंतीण होती, जिनं लेकरू उसाच्या सरीत निजवलं होतं. मुकादम होता, त्याचं कुत्रं होतं. समुद्र तिनं कधी बघितला नव्हता तरी ती म्हणाली, "जायकवाडीचं पाणी हाय ना, त्याच्या पल्ल्याड काठच नाय असं समजा." सात-आठ बाया ओल्या कपड्यांचे पिळे हातात धरून उभ्या होत्या. गयाकाकूचे डोळे भरले होते. शेवटी सारिका म्हणाली, "अन् मंग एक दिवस समद्यांनी कोयते खाली ठिवले. म्हणले, आता तुमीच तोडा."

मी म्हणाले, "असं नव्हतं झालं. त्यांनी मळे पेटवले. मग फौज आली आणि त्यांना मारून टाकलं. डोकी रस्त्याकडेला खांबांवर लावली. उरलेले वेगवेगळ्या मळ्यांवर वाटून टाकले."

सगळ्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या. मी काहीतरी सांडल्यासारखं. गयाकाकू म्हणाली, "जाऊ दी ना गं आरती, तिला सांगू दी तिचं." आणि सारिका हसून म्हणाली, "वन्सं, तुमी बरूबर सांगता. म्या आपली सोईनं सांगते." मी कपडे न धुताच परत आले. ते धुणं दुसऱ्या दिवशी सारिकानंच धुतलं.

त्याच आठवड्यात गयाकाकू पडली. ट्रकला लावलेल्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढताना तिचा पाय सरकला आणि मोळीसकट ती खाली आली. गुडघ्याखाली पाय असा वळला होता की बघवत नव्हतं. मुकादमानं गंगापूरहून हाडं बसवणाऱ्या एकाला आणून पाय बांधून घेतला आणि म्हणाला, "चार दिस पडू द्या, बरं वाटंल." मुकादम, म्हणजे टोळी जमवून कारखान्याच्या तोडीला आणणारा, आमच्याच तालुक्यातला. टोळी गावातून निघाली तेव्हा त्यानं सगळ्यांची आधार कार्डं 'सांभाळायला' म्हणून एका कापडी पिशवीत घेतली होती आणि ती पिशवी त्याच्या जीपमध्ये होती. हंगाम संपेपर्यंत कुणी निघून जाऊ नये म्हणून. लक्ष्मणकाका त्याच्या मागं फिरून म्हणत होता, "मालक, औरंगाबादला नेतो हिला, मोठ्या दवाखान्यात. दोन दिसात यितो." मुकादम म्हणाला, "एक जोडी सुटली की समदी टोळी सुटती, लक्ष्मण. म्या पाहिलेलं हाय." उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, सगळ्यांनीच घेतलेली, त्यामुळं यापुढं कुणाला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानशीचा आवाज आला नाही. मी उठून बाहेर आले तर सगळे आपापल्या कोपीपुढं नुसतेच बसले होते, हात मोकळे. मुकादम आला. "काय झालं?" सारिका म्हणाली, "मालक, कोयते हारवले."

"कुणाचे?"

"समद्यांचे."

हिशेबात जोडीचा एक कोयता धरतात, पण हातातला कोयता ज्याचा त्याचा असतो. मूठ ज्याच्या त्याच्या हातानं झिजलेली, तिला ज्याची त्याची चिंधी गुंडाळलेली. दसऱ्याला तो पूजतात आणि दुसऱ्याच्या कोयत्याला कुणी हात लावत नाही. ते सगळे, बावीसच्या बावीस, रात्रीतून एका जागी गेले होते. मला नंतर कळलं की ती सारिकाची युक्ती. प्रत्येकानं आपला कोयता आणून तिच्या हातात द्यायचा, कुठं जातो ते विचारायचं नाही. म्हणजे मुकादमानं एकेकाला बाजूला घेऊन दम दिला, मारलं, तरी सांगायला कुणाकडं काही नसणार. जागा फक्त दोघींना माहीत. एक ती आणि एक माझी आई. मागणं एवढंच होतं की गयाकाकूला शहरात न्यायचं आणि कार्डांची पिशवी परत करायची.

दादालासुद्धा माहीत नव्हतं. पण दादाचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं ते आईचं. मी दिवसभर वाट बघितली. भाकरीच्या वेळी ती सांगेल, पाणी आणायला जाताना सांगेल. शेवटी मीच म्हणाले, "आई, कुठं ठेवले?" आई म्हणाली, "तुला काय करायचंय? तू तुहा आभ्यास कर." तिनं हे प्रेमानं म्हटलं असेल. माझ्यावर काही येऊ नये म्हणून असेल. आज मला ते दिसतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की सारिका आणि ती एकमेकींकडं बघून गप्प झाल्या.

आणि जागा तर माझ्या डोळ्यासमोर होती. आदल्या रात्री दादा आणि मी गयाकाकूच्या कोपीत निजलो होतो, सकाळी परत आलो तर आईनं चूल उजव्या हाताला मांडलेली होती. पिंप डावीकडं गेलं होतं. "वारं फिरलंय," आई म्हणाली. वारं फिरलं नव्हतं, धूर रोजच्यासारखाच दारातून बाहेर जात होता. चुलीभोवतीची जमीन शेणानं नुकती सारवलेली होती, आणि आई फडातल्या कोपीत कधी सारवायची नाही. मी त्याच चुलीसमोर बसून जेवले. पहिली भाकर सारिकानं स्वतःहून माझ्या ताटात टाकली. मी ती परत तव्याशेजारी ठेवली.

संपाचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी गयाकाकूसाठी दुखण्याच्या गोळ्या आणायला आईनं मला फाट्यावर पाठवलं. तिथं चहाच्या टपरीपुढं मुकादमाची जीप उभी होती. मी मान खाली घालून चालले होते. तो उठला आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"बसा मॅडम. ये, एक स्पेशल चहा आण रं."

मी बसले. इतकं साधं आहे ते. मला कुणी 'बसा' म्हणालं आणि मी बसले.

तो म्हणाला, "तुमी शिकलेल्या, तुमाला समजंल. कारखान्याची माणसं उद्या यायलीत. कोयत्याला ते हत्यार म्हणतेन. पोलीस केस झाली तर तुमच्या वयनीचं नाव पयलं. म्या काय वैरी नाय. कोयते गावले तर मिटवून टाकतो. अन् गयाबाईला आज, आत्ता, ह्याच गाडीत पाठवतो. शब्द हाय."

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "तुमाला तर म्हाईतच आसंल कुटं हायेत ते. माय लेकीला सोडून कुणाला सांगल?"

मी त्याच्या बशीकडं बघत राहिले.

"का तुमाला बी नाय सांगितलं?" तो माझ्याकडं नीट बघत होता. त्याच्या आवाजात दया आली होती. "मंग सोडा. सून आली की लेक परकी, जगाची रीत हाय. तुमी चहा घ्या."

'मला माहीत नाही' एवढं म्हणून मी उठले असते तर चाललं असतं. त्यानं विश्वास ठेवला असता. पण मला नेमकं तेच म्हणायची लाज वाटली. सारिकाला वाचवायचं आहे, गयाकाकूचा पाय वाचवायचा आहे, हे सगळं मी नंतर रचलं. अगदी परत कोपीकडं चालत जाईपर्यंत माझ्याकडं ती कारणं तयार होती. पण तोंड उघडलं तेव्हा ती नव्हती. तेव्हा फक्त एवढंच होतं की या माणसानं मला परकी समजू नये.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "आमची चूल हलवलीय."

त्यानं शब्द पाळला. तासाभरात जीप आली आणि गयाकाकू आणि लक्ष्मणकाकाला तिच्यात घालून शहरात नेलं. सगळी टोळी आनंदानं ओरडली. सारिकानं आईला मिठी मारली. "आत्याबाई, निम्मं जिंकलो!" मीही हसले. लक्ष्मणकाका गयाकाकूला तिच्या भावाच्या हवाली करून उजाडायच्या आत परत आला, कार्ड मुकादमाकडं असल्यामुळं त्याला यावंच लागलं. त्याच्या मागोमाग तीन जीपा आल्या.

दांडकी घेतलेली माणसं होती, मला एकही चेहरा आठवत नाही. ती इकडंतिकडं शोधत बसली नाहीत. सरळ आमच्या कोपीत शिरली. एकानं पेटती चूल लाथेनं उडवली, तव्यावरची भाकर राखेत पडली. दादा आडवा गेला, त्याला खांद्यावर आणि पाठीवर मारलं. दोन हात खाली गोणपाटात गुंडाळलेले कोयते निघाले. मग कोप्या पाडायला सुरुवात केली. कामट्या मोडल्याचा आवाज कडाक् कडाक् येत होता आणि कुणाचं तरी लहान पोर त्या आवाजाला हसत होतं.

मुकादम खुर्ची टाकून बसला. कोयते त्याच्या पायापुढं ओतले. एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, त्यानं वाकून आपला कोयता उचलायचा, "चुकलं मालक" म्हणायचं. पहिलं नाव त्यानं लक्ष्मणकाकाचं घेतलं. तो वाकायच्या आधीच मुकादमानं स्वतः कोयता उचलून त्याच्या हातात दिला आणि पाठीवर थाप मारली. "शाना माणूस," म्हणाला. त्याला काही म्हणायला लावलं नाही. टोळीतला प्रत्येक माणूस ते बघत होता. लक्ष्मणकाका खुळ्यासारखा उभा राहिला. मुकादमानं एकदाच, क्षणभर, माझ्याकडं बघितलं. तो मला झाकत होता. आणि मला हायसं वाटलं, हे मी लिहून ठेवते.

सारिकाचं नाव आलं तेव्हा ती जागची हलली नाही. तिच्या कोयत्याच्या मुठीला हळदीच्या कपड्याची पिवळी चिंधी होती. "उचल," मुकादम म्हणाला. ती त्याच्याकडं बघत राहिली. दादाच्या पाठीत परत एक दांडकं बसलं. तेवढ्यात आई पुढं झाली, वाकली, सारिकाचा कोयता उचलला आणि म्हणाली, "चुकलं मालक. लेकरू हाय माहं." त्या क्षणी मला आईची कीव यायला हवी होती. मला वाटलं, माझ्यासाठी ती अशी कधी कुणापुढं वाकली नाही. माझ्या शाळेसाठी, हॉस्टेलसाठी ती किती जणांपुढं वाकली असेल, ते फक्त मी बघितलेलं नव्हतं. हा विचार मला फार उशिरा आला.

त्याच दिवशी टोळी मोडली. तीन गाड्या, तीन कारखाने. सारिका आणि दादा नदीपलीकडं गेले, आई दुसऱ्या तालुक्यात एका परक्या टोळीत अर्धा कोयता म्हणून. मी पुस्तकांची पिशवी घेऊन फाट्यावरून जीपनं शहरात परत आले. महिन्यानं परीक्षा झाली. बंडाचे परिणाम लिहा, असा प्रश्न आला. उरलेल्यांना वेगवेगळ्या मळ्यांवर वाटून टाकलं, हा मुद्दा मी लिहिला. चांगले गुण मिळाले.

हंगाम संपून सगळे गावात आले तेव्हा फितूर कोण हे ठरून गेलेलं होतं, लक्ष्मणकाका. मुकादमानं त्याच्या बायकोला जीपमधून पाठवलं, कोयता हातात दिला, पाठ थोपटली. आणि त्याची कोपी आमच्या कोपीला लागून, खणल्याचा आवाज त्यालाच आला असणार. लक्ष्मणकाकानं देवळापुढं उभं राहून शपथ घेतली. लोकांनी ऐकून घेतलं आणि उठून गेले. त्यांच्या घरचं पाणी कुणी पिईना. दिवाळीला कुठल्याच टोळीनं त्यांची जोडी घेतली नाही. गयाकाकू थोडी लंगडत चालायची, बाया तिला वाट द्यायच्या पण बोलायच्या नाहीत. शेवटी ती दोघं गाव सोडून करमाडला गेली. शेंद्र्याच्या एका कंपनीत काकाला माल उचलायचं काम लागलं. एकटी सारिका म्हणत राहिली, "लक्ष्मणभाऊ तसा माणूस नाय." मी तेव्हा तिच्या शेजारी बसलेली असायची, भाजी निवडत. मला तिचा राग यायचा. ज्याच्यावर आळ आला होता त्याच्या बाजूनंही तीच बोलत होती, आणि ते बोलायचं काम माझं होतं.

दोन वर्षं मी गप्प राहिले. गयाकाकूचा पाय माझ्यामुळं वाचला, असं स्वतःला सांगत राहिले. दवाखान्यात म्हणे डॉक्टर म्हणाले होते की आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. हे मला इतक्या वेळा उपयोगी पडलं की शेवटी ते ऐकूच येईनासं झालं. या हिवाळ्यात एका रविवारी मी जालना रोडची बस धरली आणि करमाडला उतरले. का त्याच रविवारी, ते मला सांगता येत नाही.

एक पत्र्याची खोली. गयाकाकूनं मला बघितलं आणि आधी मागं बघितलं, आणखी कोण आलंय का. मग म्हणाली, "एकटीच? ये, ये. पाणी पिती का?" आणि विचारून झाल्यावर गप्प झाली. मी घेतलं आणि सगळं प्याले. तिनं चहा टाकला. लक्ष्मणकाका बाजेवर बसून माझ्या कॉलेजची चौकशी करत होता. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही, नाहीतर जमलं नसतं.

"काका, मुकादमाला जागा मी सांगितली होती."

त्याला आधी कळलंच नाही. "कोणती जागा?"

"कोयत्यांची."

गयाकाकूनं गॅस बंद केला. लक्ष्मणकाका म्हणाला, "म्या बी सांगितली आसती, आरती. हिचा पाय बघून माझ्या जिवाचं पाणी व्हत व्हतं. मला ठावंच नव्हतं कुटं हायेत ते. ठावं आसतं तर सांगितलं आसतं." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "पर म्या नव्हतं ना सांगितलं. दोन साल लोकायनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाय, ते न सांगितलेल्यावर."

"माझं चुकलं काका."

"मला काय सांगती? फोन हाय ना तुह्याजवळ? लाव. तुह्या वयनीला लाव. माझ्यापुढं सांग."

मी लावला. हंगाम चालू होता, आई, दादा आणि सारिका आता परत एका टोळीत होते. सारिकानं उचलला. मागं ऊस तुटत असल्याचा आवाज येत होता. "बोला वन्सं, आज कसा काय गरिबाला फोन?" मी एका दमात सांगितलं. टपरी, खुर्ची, चहा, चूल. पलीकडं तोड चालूच होती. मग ती म्हणाली, "का?"

मी म्हणाले, "आईनं तुला सांगितलं होतं म्हणून. मला नाही."

"एवढ्यासाठी?"

"हो."

शिव्या देईल असं मला वाटलं, मी त्याची तयारीही केली होती. ती म्हणाली, "थांबा. आत्याबाईला देते. म्या नाय सांगणार त्यांला, तुमीच सांगा." आणि लांब हाक मारली, "आत्याबाई, वन्संचा फोन!"

आई पळत आल्यासारखी धापा टाकत होती. "जेवलीस का गं?" मी तिलाही सगळं सांगितलं, त्याच शब्दांत, कमी-जास्त न करता. ती म्हणाली, "सारिकाला सांगितलं?"

"हो. आत्ताच."

"काय म्हणली?"

तेव्हासुद्धा मला पहिल्यांदा टोचलं ते हेच, की तिनं आधी सारिकाचं विचारलं. मी ते झटकलं नाही. सहन केलं. "काही नाही म्हणाली," मी सांगितलं.

आई म्हणाली, "लक्ष्मणकडं दे फोन."

मी दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी कानाला धरला. "व्हय वयनी," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "नाय... नाय वयनी, आसं नका म्हणू." आणि भिंतीकडं तोंड फिरवून बसला. गयाकाकू उठून त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. मी दाराजवळ उभी होते. बाहेर रस्त्यानं शेंद्र्याच्या दुपारपाळीच्या गाड्या चालल्या होत्या, त्यामुळं पलीकडचा आईचा आवाज मला ऐकू येत नव्हता.

ती त्याच्याशी काय बोलली ते मला कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.